क्लिनिकला नियम हवेतच, पण कुठले? बाप-लेकीच्या वादात सापडलेल्या आईला उत्तर

पत्र (ओळख पटेल असं काढून, थोडं कमी करून देतेय):

"ताई, आम्ही मूळचे सांगलीकडचे, आता बरीच वर्षं कॅन्ससमध्ये ओव्हरलँड पार्कला राहतो. मुलगी मिझुरीत कॉलेजला आहे, म्हणजे स्टेट लाइन ओलांडली की पलीकडेच. गणपतीला घरी आली होती. आरती झाली, जेवायला बसलो आणि मिझुरीतल्या अबॉर्शन क्लिनिकच्या नियमांवरून बाप-लेकीची जुंपली. ती म्हणते हे नियमबियम काही नाही, ही बंदीच आहे फक्त नाव दुसरं. हे म्हणाले, मग काय क्लिनिकला नियमच नकोत? आमच्या शेजारच्या म्हैसाळात काय झालं ते माहितीये का तुला? तिनं ताट तसंच सोडलं आणि उठून गेली. तेव्हापासून दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत, निरोप माझ्यामार्फत. ताई, मला दोघांचंही पटतं, म्हणजे मलाच काही कळत नाहीये असं वाटतं. अजून एक. मुलीच्या जन्माआधी पुण्यात माझं एकदा क्युरेटिंग झालंय, आम्ही दोघांनी ठरवून केलेलं, हेच घेऊन गेले होते. मुलीला माहीत नाही. आता सांगून टाकू का? सांगितलं तर हा वाद तरी मिटेल."

---

ओव्हरलँड पार्कच्या आई,

तुम्हाला दोघांचंही पटतं यात तुमचं काही चुकत नाहीये. तुमचे मिस्टर विचारतायत की क्लिनिकवर सरकारचं लक्ष हवं की नको, आणि मुलगी विचारतेय की हे जे नियम आहेत ते नेमकं काय करतात. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोघं एकमेकांच्या प्रश्नाचं उत्तर देतच नाहीयेत. पत्र वाचल्या वाचल्या मला हेच वाटलं, आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे यायच्या आधी हे थोडं नीट सांगते, कारण तो प्रश्न याच्याशी जोडलेला आहे.

आधी मिस्टरांचं. सांगली-मिरजेच्या माणसाला म्हैसाळ आठवणं अगदी साहजिक आहे. मार्च २०१७, एका बाईचा गर्भपातात जीव गेला, त्याची चौकशी सुरू झाली आणि मग ओढ्याकाठी पुरलेल्या पिशव्यांतून १९ भ्रूण निघाले. त्याच्या आधी २०१२ मध्ये परळीतही असाच एका बाईचा गर्भपातात जीव गेला होता. ज्याच्या डोळ्यासमोर हे आहे त्याला "क्लिनिकवर कडक नियम" हे ऐकूनच बरं वाटणार, आणि मुलीनं त्याला लगेच बायकांच्या विरोधातला माणूस ठरवणं हे अन्यायाचं आहे. ती तेव्हा शाळकरी होती आणि इथे होती, तिला म्हैसाळ म्हणजे काय हे कुणी सांगितलंच नसेल. हे तिला शांतपणे सांगायचं काम तुमचं.

पण मग मिस्टरांनाही एक विचारा. म्हैसाळात नियम कमी होते का हो? १९७१ चा गर्भपाताचा कायदा होता, कुणी करायचं कुठे करायचं सगळं त्यात लिहिलेलं आहे, १९९४ चा लिंगनिदान बंदीचा कायदा होता. तो डॉक्टर होमिओपॅथीचा, त्याला गर्भपात करायची परवानगीच नव्हती. म्हणजे तिथे जे चाललं होतं ते पहिल्या दिवसापासून गुन्हाच होता, त्यासाठी अजून एक कायदा नको होता. दार वाजवून आत जाऊन नीट बघणारं माणूस हवं होतं, आणि ते वेळेवर मिळालं नाही.

अमेरिकेतही अगदी हेच झालंय आणि म्हणून मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. फिलाडेल्फियात एका डॉक्टरच्या क्लिनिकमध्ये २००९ साली भूतानहून निर्वासित म्हणून आलेली एक बाई भुलीच्या औषधांच्या मात्रेनं गेली. धाड पडली तेव्हा आतली अवस्था बघवत नव्हती. २०१३ मध्ये त्या डॉक्टरला खुनाबद्दल शिक्षा झाली, जिवंत जन्मलेल्या तीन बाळांच्या खुनाबद्दल, आणि या बाईच्या मृत्यूबद्दल वेगळी. कडक नियम हवेत म्हणणारे सगळे तेव्हापासून हे उदाहरण देतात आणि ते देण्यासारखंच आहे. पण तिथल्या ग्रँड ज्युरीच्या, म्हणजे खटल्याआधी पुरावे तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या, अहवालातून काय बाहेर आलं, तर राज्यानं कितीतरी वर्षं त्या क्लिनिकची तपासणीच केली नव्हती. तक्रारी गेल्या होत्या, कुणी फिरकलं नाही. पुढे हीच गोष्ट टेक्सासच्या क्लिनिकवरच्या नव्या नियमांच्या केसमध्ये (तिच्याकडे पुढे येतेच) सुप्रीम कोर्टासमोर आली तेव्हा न्यायमूर्ती ब्रायर यांनी निकालात लिहिलं की हा माणूस असलेले कायदेच मोडत होता, नवीन कायदा केला म्हणून तो थांबला असता असं नाही, तपासणी झाली असती तर थांबला असता, आणि टेक्सासात तर दरवर्षीची तपासणी आधीपासून होतीच. हे मिस्टरांना वाचायला द्या, त्यांच्याच मुद्द्याचं ते उत्तर आहे.

आता मुलीचं. ती म्हणते नियमाच्या नावाखाली बंदी. हे ती कुठून म्हणते ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल, कंटाळू नका.

१९७३ च्या जानेवारीत रो विरुद्ध वेड हा निकाल आला, गर्भपात हा घटनेनं दिलेला हक्क आहे असं सुप्रीम कोर्टानं म्हटलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच दिवशी जॉर्जियाच्या कायद्यावरचा दुसरा निकाल आला होता त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. जॉर्जियाचं म्हणणं होतं की गर्भपात फक्त ठरावीक मान्यतेच्या हॉस्पिटलातच व्हायचा, हॉस्पिटलच्या कमिटीनं मंजुरी द्यायची, वर आणखी दोन डॉक्टरांनी सही करायची. कोर्टानं हे सगळं काढून टाकलं, कारण दुसऱ्या कुठल्याच ऑपरेशनला असली अट नव्हती. म्हणजे हक्क मिळाला त्याच दिवशी "हक्क देऊ पण डॉक्टर आणि जागा यांच्या मार्फत अडवू" हा वादही सुरू झाला, तो आज पन्नासपेक्षा जास्त वर्षं झाली तरी चालू आहे. मग १९९२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या केसीच्या केसमध्ये कोर्टानं मोजमाप बदललं, म्हटलं राज्याला नियम करता येतील, बाईला आधी माहिती द्या, २४ तास थांबायला लावा, हे चालेल, पण बाईच्या वाटेत मोठा अडथळा उभा करायचा हाच ज्याचा हेतू किंवा परिणाम असेल असा गरज नसलेला आरोग्याचा नियम चालणार नाही. आता "मोठा अडथळा" म्हणजे किती मोठा? इथेच सगळी भांडणं झाली, कारण बंदी घालता येत नाही म्हटल्यावर बऱ्याच राज्यांतल्या विधिमंडळांनी बाईला हात न लावता क्लिनिकला धरलं.

टेक्सासचं २०१३ चं प्रकरण नीट बघा, कारण तुमच्या घरातला वाद मला वाटतं याच एका केसवर सुटू शकतो. दोन मुख्य अटी. एक, गर्भपात करणाऱ्या डॉक्टरकडे ३० मैलांच्या आतल्या हॉस्पिटलात पेशंट भरती करायचे अधिकार हवेत. दोन, क्लिनिकची इमारत छोट्या सर्जिकल सेंटरच्या दर्जाची हवी, कॉरिडॉरपासून सगळं, अगदी तिथे फक्त गोळ्या दिल्या जात असल्या तरी. ऐकायला काय, चांगलंच वाटतं. पेशंटला काही झालं तर डॉक्टर सोबत हॉस्पिटलात जाईल, मला तुम्हाला कुणालाही विचारलं तर आपण हो म्हणू.

पण हे भरतीचे अधिकार मिळतात कसे ते बघा. कितीतरी हॉस्पिटलं म्हणतात, वर्षाला अमुक इतके पेशंट आमच्याकडे भरती केले पाहिजेत तरच अधिकार देऊ. आणि गर्भपातानंतर हॉस्पिटलात न्यावं लागणं इतकं विरळ आहे की या डॉक्टरांकडे भरती करायला पेशंटच नसतात! एल पासोच्या क्लिनिकनं कोर्टाला सांगितलं की दहा वर्षांत १७,००० च्या वर गर्भपात केले, एकीलाही तिथून तातडीनं हॉस्पिटलात हलवावं लागलं नाही. म्हणजे काम सुरक्षित होतं म्हणूनच अधिकार मिळत नव्हते. मॅकॲलन हे मेक्सिकोच्या हद्दीवरचं गाव, तिथल्या क्लिनिकमधले एक डॉक्टर ३८ वर्षं प्रॅक्टिस करत होते, १५,००० च्या वर बाळंतपणं केलेली, त्यांना ३० मैलांतल्या सातपैकी एकाही हॉस्पिटलनं अधिकार दिले नाहीत. पंधरा हजार बाळंतपणं केलेला माणूस "सुरक्षित" नाही हे कुठल्या वैद्यकशास्त्रात बसतं? दुसरी अट पाळायला एकेका क्लिनिकला दहा लाख डॉलरच्या वर खर्च होता. राज्यात चाळीसच्या आसपास क्लिनिक होती ती पहिल्या अटीनंच निम्म्यावर आली, आणि दुसरी लागू झाली असती तर सात-आठ उरली असती, तीही मोठ्या शहरांत. क्लिनिकपासून १५० मैलांपेक्षा, म्हणजे जवळजवळ २४० किलोमीटरपेक्षा लांब राहणाऱ्या बायकांची संख्या ८६,००० वरून ४ लाखांवर गेली. या बायकांपैकी जिच्याकडे गाडी नाही, जिला एक दिवस सुट्टी घेतली तर पगार कापला जातो, जिची पोरं सांभाळायला कुणी नाही, तिनं काय करायचं हो?

२०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध तीन अशा मतांनी दोन्ही अटी रद्द केल्या. त्या निकालातली एक गोष्ट मला कायम लक्षात राहते. सुनावणीत टेक्सासच्या वकिलांना विचारलं गेलं, या अटीमुळे एका तरी बाईला आधीपेक्षा चांगले उपचार मिळाले असं एक उदाहरण आहे का? त्यांना एकही देता आलं नाही. आणि त्याच निकालात आकडे आहेत, कोलोनोस्कोपीत मृत्यूचं प्रमाण गर्भपातापेक्षा दहा पट जास्त, बाळंतपणात चौदा पट जास्त, तरी टेक्सासात सुईण घरी येऊन बाळंतपण करू शकते, त्याला सर्जिकल सेंटरची अट नाही. अजून एक. एल पासोच्या बायका जवळच न्यू मेक्सिकोत जाऊ शकतील असं राज्यच सांगत होतं, आणि न्यू मेक्सिकोत या दोन्ही अटी नव्हत्या. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी तिथेच बोट ठेवलं, की बाईच्या जिवाची इतकी काळजी आहे तर तिला बिनअटीच्या राज्यात पाठवता कसे?

माझ्या दृष्टीनं नियम तपासायची पद्धत हीच, आणि ती मुलीलाही वापरता येईल आणि तिच्या बाबांनाही. नियम हातात घ्यायचा आणि विचारायचं की तितक्याच किंवा जास्त जोखमीच्या दुसऱ्या कामाला हा लावलाय का. दंतवैद्य भूल देतो त्याला लावलाय का, कोलोनोस्कोपीला लावलाय का. नसेल तर मग गर्भपातालाच का? आणि क्लिनिकनं मनापासून पाळायचं म्हटलं तरी तो पाळणं क्लिनिकच्या हातात आहे का, की परवानगीची किल्ली तिसऱ्याच कुणाच्या खिशात आहे? म्हैसाळमध्ये जे हवं होतं ते, म्हणजे शिकलेला डॉक्टर, स्वच्छ उपकरणं, इमर्जन्सीची औषधं, नोंदी, अचानक तपासणी, हे सगळं या कसोटीत पास होतं. हॉस्पिटलच्या मर्जीवर अवलंबून असलेली अट होत नाही.

मुलीला मात्र एक स्पष्ट सांगा, सगळेच नियम बंदी नसतात. २०१६ च्या निकालानंतरही टेक्सासच्या क्लिनिकना लायसन्स लागतच होतं, दरवर्षीची तपासणी होतच होती, कोर्टानं त्याला हात लावला नाही. ती जर प्रत्येक नियमाला बंदी म्हणत सुटली तर बाबांनाच काय, कुणालाही पटवू शकणार नाही. आणि समोरच्या बाजूचा कायद्याचा मुद्दाही तिनं नीट वाचावा. न्यायमूर्ती थॉमस २०१६ च्या विरोधी मतात म्हणाले होते की इतर धंद्यांचे नियम तपासताना कोर्ट राज्याकडे फक्त पटण्याजोगं कारण मागतं, गर्भपाताच्या बाबतीतच आकडे, पुरावे, फायदा-तोटा सगळं तोलायला बसतं, हा दुजाभाव कशासाठी, आणि न्यायाधीशांनी मेडिकल बोर्ड व्हायचं का. मुद्दा पोकळ नाहीये. मला तो पटत नाही तो अशासाठी की दुजाभाव आधी विधिमंडळांनी केला, एकाच कामाला वेगळा काढून त्याला वेगळे नियम लावले, मग ते का लावले हे कुणीतरी विचारायला नको?

पण सुप्रीम कोर्टात शेवटी त्याच बाजूची सरशी झाली. २०२० मध्ये लुइझियानाची अगदी तशीच अट आली, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स, जे टेक्सासच्या वेळी विरोधात होते, ते केवळ आधीच्या निकालाचा मान म्हणून रद्द करणाऱ्यांच्या बाजूनं गेले. पाच विरुद्ध चार, काठावर. आणि २४ जून २०२२ ला डॉब्सचा निकाल आला, त्यानं रो मोडीतच काढला. मिसिसिपीत त्या वेळी उरलेलं एकमेव क्लिनिक होतं, त्याचीच ती केस. न्यायमूर्ती अलिटो यांनी लिहिलं की राज्यघटनेत गर्भपाताचा हक्क नाही, हा प्रश्न लोकांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी सोडवायचा. तेव्हापासून केंद्राच्या घटनेपुरतं बोलायचं तर राज्यानं केलेला नियम आधी वैधच धरला जातो, पटण्याजोगं कारण पुरेसं होतं. टेक्सासनं तर क्लिनिकचे नियम बाजूला ठेवून सरळ बंदीच केली.

म्हणून आता सगळी लढाई एकेका राज्याच्या स्वतःच्या घटनेवर आलीय, आणि तुम्ही नेमक्या त्या ठिकाणी राहता! तुम्हाला माहितीये की नाही ठाऊक नाही, पण कॅन्ससमधली जी सगळ्यात मोठी केस आहे ती तुमच्याच ओव्हरलँड पार्कच्या दोन स्त्रीरोगतज्ज्ञांनी लढलेली आहे, डॉ. हर्बर्ट होड्स आणि डॉ. ट्रेसी नाउझर, आणि हे दोघं बाप आणि मुलगी आहेत. २०११ मध्ये कॅन्ससनं क्लिनिकसाठी लायसन्सचा कायदा केला आणि नियमांची यादी क्लिनिकच्या हातात पडली ती लागू व्हायच्या जेमतेम दोन आठवडे आधी. त्यात काय होतं, तर ऑपरेशनच्या खोलीचं तापमान ६८ ते ७३ फॅरनहाइट, नंतर पेशंट झोपते त्या खोलीचं ७० ते ७५, आणि झाडू-फडकी ठेवायची खोली कमीत कमी ५० चौरस फूट. झाडू ठेवायची खोली लहान आहे म्हणून बाईच्या जिवाला काय धोका, मला तरी सांगता येणार नाही. हे बाप-लेक कोर्टात गेले, नियम अडवले. गर्भपाताच्या एका पद्धतीवरच्या बंदीविरुद्धही हेच दोघं लढले, त्या केसमध्ये २०१९ मध्ये कॅन्ससच्या सुप्रीम कोर्टानं म्हटलं की राज्याच्या घटनेच्या पहिल्याच कलमात जे नैसर्गिक हक्क दिलेत त्यात स्वतःच्या शरीराचा निर्णय येतो. हे उलटवायला ऑगस्ट २०२२ मध्ये घटनादुरुस्ती मतदानाला आणली, डॉब्सनंतर सहा आठवड्यांत, आणि कॅन्ससच्या लोकांनी, जिथे रिपब्लिकन पक्ष वर्षानुवर्षं जिंकतो तिथल्या लोकांनी, ५९ विरुद्ध ४१ टक्क्यांनी ती नाकारली. लायसन्सचा तो कायदा शेवटी जुलै २०२४ मध्ये रद्द झाला. तेरा वर्षं लागली.

आणि पलीकडे मिझुरी, जिच्यावरून तुमच्याकडे ताट राहिलं. मिझुरीत बंदी यायच्या आधीचं २०२१ हे वर्ष घ्या, रो तेव्हा अजून शाबूत होता, कागदावर हक्क पूर्ण होता, आणि अख्ख्या राज्यात वर्षभरात नोंदलेले गर्भपात दीडशेच्या आसपास. दहा वर्षांपूर्वी हजारोंनी होते. बायका नदी ओलांडून इलिनॉयला किंवा तुमच्याकडे कॅन्ससला येत होत्या. भरतीचे अधिकार, ७२ तासांची वाट, गोळ्या घ्यायच्या तरी आधी आतून तपासणी, असं एकावर एक रचत नेलं की बंदी न घालता क्लिनिक एकच उरलं, सेंट लुइसचं. तुमची मुलगी जे म्हणते ते यावरून म्हणते आणि या राज्यापुरतं ती बरोबर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी हक्क राज्याच्या घटनेत घातला, आणि त्या दुरुस्तीत गर्भपात करणाऱ्यांशीही भेदभाव करायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय. तरी डिसेंबरात न्यायाधीशांनी बंदी थांबवली पण लायसन्सचे नियम ठेवले, त्यामुळे क्लिनिक सुरूच होईनात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेही थांबवले, मग कुठे सुरू झालं, मे महिन्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टानं तो आदेश मागे घ्यायला लावला, पुन्हा बंद, जुलैत पुन्हा सुरू. त्या काळात ज्यांनी अपॉइंटमेंट घेतली होती त्यांचं काय झालं असेल विचार करा.

आता तुमच्या पुण्याच्या गोष्टीकडे येते.

आपल्याकडच्या नर्सिंग होमच्या भिंतीवर गर्भपात केंद्राची मान्यता फ्रेम करून लावलेली असते, तुम्हाला आठवत असेल. कमी दिवसांच्या गर्भपाताला आपला कायदा काय मागतो, तर शिकलेला डॉक्टर, तपासणीचं टेबल, निर्जंतुक करायची सोय, शॉकवरची औषधं, गरज पडली तर हलवायची व्यवस्था. तुमचं त्यात झालं आणि तुम्ही सुखरूप घरी आलात. आपलं सगळं छान आहे असं मी म्हणत नाहीये. आपल्याकडे कायदा बाईला हक्क देत नाही, डॉक्टरला शिक्षेपासून वाचवतो, २४ आठवड्यांनंतर मेडिकल बोर्डाचे हेलपाटे आहेतच, आणि लिंगनिदानाच्या कारवाईच्या भीतीनं महाराष्ट्रात कितीतरी केमिस्ट गर्भपाताच्या गोळ्या ठेवायलाच तयार नसतात, कायदेशीर असून. चांगल्या हेतूनं लावलेली कडक नजरसुद्धा बाईची वाट अडवू शकते हे आपल्या घरचंच उदाहरण आहे.

मुलीला सांगायचं का? सांगायचं असेल तर जरूर सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही, वीसेक वर्षांच्या मुलीला आईचं आयुष्य कळलं तर तुमच्यातलं नातं जवळचंच होईल. पण या वादात पुरावा म्हणून नको. तुम्ही आत्ता सांगितलंत तर वाद मिटणार नाही, फक्त बाबांकडे बोट वळेल, "तुम्ही स्वतः आईला नेलंत आणि आता मला नियम शिकवता?" असं ती म्हणणार, रागाच्या भरात नक्की म्हणणार, आणि तुमच्या आयुष्यातली इतकी खासगी गोष्ट टेबलावरच्या भांडणातलं हत्यार होऊन जाईल. ते तुम्हालाच सगळ्यात जास्त लागेल. शिवाय ही गोष्ट तुमची असली तरी मिस्टर त्यात होते, तर मुलीला सांगायच्या आधी त्यांना सांगा की मी तिला सांगणार आहे. परवानगी मागू नका. कल्पना द्या.

आणि त्यांच्याशी एकट्यानं बोलाल तेव्हा हे विचारा: त्या वेळी पुण्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या असत्या की माझ्याकडे मोठ्या हॉस्पिटलचे अधिकार नाहीत म्हणून मला करता येत नाही, तुम्ही मुंबईला जा, आणि तिथे गेल्यावर सांगितलं असतं तीन दिवसांनी परत या, तर आपण काय केलं असतं? तुमच्याकडे तेव्हा किती पैसे होते, सुट्टी किती होती, घरी कुणाला काय सांगितलं असतं? ते शहाणे गृहस्थ दिसतात, म्हैसाळ ज्यांना अजून लागतं त्यांना बाईच्या जिवाची काळजी आहेच. त्यांना तो प्रश्न कळेल. उत्तर लगेच मागू नका.

दिवाळीत मुलगी आली की दोघांना गर्भपात बरोबर की चूक यावर बोलायला देऊ नका, त्याला अंत नाही. कॅन्ससच्या २०११ च्या नियमांची यादी समोर ठेवा आणि म्हणा, एकेक नियम घ्या, म्हैसाळमध्ये हा असता तर त्या बाईचा जीव वाचला असता का ते सांगा. वाचला असता की नसता, प्रत्येक ओळीवर दोघांनी आपापली खूण करायची. मला खात्री आहे बऱ्याच ओळींवर दोघांची खूण एकाच बाजूला पडेल. उरतील त्यावर भांडू देत की, पण ताटावर बसून नको.

राहिलं तुमचं स्वतःचं. तुम्हाला वाटतंय तुम्ही निरोप्या आहात, पण तुमचं नागरिकत्व झालेलं असेल तर मतही आहे. २०२६ मध्ये मिझुरीत तो २०२४ चा हक्क काढून टाकायचा प्रश्न पुन्हा मतदानाला ठेवलाय, तो मुलीचा विषय, तिनं नाव कॉलेजच्या पत्त्यावर नोंदवलंय की घरच्या ते आधी विचारा. कॅन्ससमध्ये ऑगस्ट २०२६ ला प्रश्न वेगळा आहे, राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश यापुढे थेट निवडणुकीनं निवडायचे का. त्यात गर्भपात हा शब्दही येणार नाही, पण २०१९ आणि २०२४ चे निकाल याच कोर्टानं दिलेत, तेव्हा मतपत्रिका वाचताना हे लक्षात असू द्या. कॅन्ससमध्ये मतदानाच्या २१ दिवस आधी नाव नोंदवावं लागतं. तुमचं आणि मिस्टरांचं दोघांचं यादीत आहे ना ते आत्ताच बघून घ्या.